वाडीला जोडणारा २.४ किमी रस्ता: निधी कोणत्या योजनेतून मागावा आणि प्रस्ताव नेमका कुठे अडतो?

वाडीवस्ती (प्रश्न)

नमस्कार. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो, डोंगराळ भाग, पाऊस भरपूर. महसुली गावापर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथून वाडीपर्यंत २.४ किमी कच्ची वाट. जून ते ऑक्टोबर गाडी जात नाही, आजारी माणसाला डोलीतून आणावं लागतं. रस्त्याची स्थिती अशी (आकडे किमी/मीटर):

०/०० ते ०/८००: खासगी शेतजमिनी. गाव नकाशात दुबार तुटक रेषा दिसते.
०/८०० ते १/४००: वनजमीन.
१/४०० ते २/४००: काही खासगी, काही ठिकाणी वनपट्टे (वनहक्काने मिळालेल्या जमिनी). मध्ये दोन ओहोळ आणि १/९०० ला एक मोठा नाला.

वाडीची लोकसंख्या २०५. वाडीपासून सरळ रेषेत ४०० मीटरवर दुसरा पाडा आहे, तिथे ६८ लोक. ग्रामसभेचा ठराव झालेला आहे, "वाडीकडे जाणाऱ्या रस्त्याचे डांबरीकरण करणे" असा. प्रस्ताव "रस्ता क्रमांक नाही" या शेऱ्यासह परत आला. कोणी ३०५४ हे लेखाशीर्ष (सरकारी अंदाजपत्रकातलं खर्चाचं शीर्ष) सांगतं, कोणी ५०५४, कोणी २५१५, कोणी प्रधानमंत्री ग्राम सडक. सुरुवात कुठून करायची?

---

साखळी_क्रमांक

ताई, लेखाशीर्ष नंतर ठरवा. परत आलेल्या प्रस्तावावरचा शेरा बरोबर आहे आणि तोच पहिला सोडवायचा आहे.

जिल्हा परिषदेकडे दोन प्रकारचे रस्ते असतात: इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा). ३०५४ आणि ५०५४ मधून काम घ्यायचं तर रस्ता यापैकी एका यादीत क्रमांकासह असावा लागतो. ही यादी रस्ते विकास योजना २००१-२०२१ ची. तालुक्याचा रस्ते नकाशा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात किंवा पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात बघायला मिळतो. आधी तो नीट पाहा. पुष्कळदा रस्ता यादीत असतो, पण वाडीच्या जुन्या नावाने किंवा पुढच्या गावाच्या नावाने, आणि लांबी वेगळी असते. असं असेल तर नवीन क्रमांक नको, फक्त नाव आणि लांबीची दुरुस्ती मागायची.

खरोखर नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना २३ उघडा. ताब्यातील रस्त्यांची नोंदवही ती. तिथे रस्त्याचं नाव, कुठून कुठे, लांबी, रुंदी ही नोंद असलीच पाहिजे. ती नसताना "रस्ता ग्रामपंचायतीच्या ताब्यात आहे" असा दाखला ग्रामसेवक कशाच्या आधारावर देणार? नोंद करून घ्या, तिचा उतारा आणि ग्रामसभेचा ठराव जोडून ग्रामीण मार्ग म्हणून समाविष्ट करण्याचा वेगळा प्रस्ताव बांधकाम विभागाकडे द्या. निधीचा प्रस्ताव आणि क्रमांकाचा प्रस्ताव एकाच कागदात कधीही मिसळू नका, दोन्ही एकाच टेबलावर अडकून पडतात.

ठराव मात्र पुन्हा करावा लागेल. तुमच्या ठरावात ना लांबी आहे, ना सुरुवातीचं ठिकाण. असा लिहा: "मौजे अमुक येथील ग्रामा क्र. तमुक पासून अमुक वाडी ते तमुक पाडा रस्ता, सा.क्र. ०/०० ते २/४००, मातीकाम, खडीकरण, मोऱ्या व डांबरीकरणासह बांधणे." सा.क्र. म्हणजे साखळी क्रमांक, रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर. त्यात शून्य कुठे धरलं ते स्पष्ट लिहा, म्हणजे शाळेचा कोपरा, मारुतीचं देऊळ, जे काही कायमचं ठिकाण असेल ते. एका अंदाजपत्रकात शून्य गावाकडून आणि दुसऱ्यात वाडीकडून धरलं गेलं की कागदावर तेच ८०० मीटर दोनदा होतात आणि दुसऱ्या टोकाचे ८०० मीटर कायमचे राहून जातात.

रुंदीचं बघा. गाव नकाशात दुबार तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी १६॥ ते २१ फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, ८। फूट. ग्रामीण रस्त्याची एकूण रुंदी सपाट भागात ७.५ मीटर धरतात, डोंगराळ भागात किंवा वाहतूक कमी असेल तर ६ मीटर. २१ फूट म्हणजे ६.४ मीटर, त्यात ६ मीटरचा रस्ता बसतो. १६॥ फूट म्हणजे जेमतेम ५ मीटर, मग दोन्ही बाजूंनी मिळून १ मीटर जागा शेतकऱ्यांकडून घ्यावी लागेल. प्रस्तावाआधी मोजणी करून घ्या, म्हणजे कोणाच्या गटातून किती जातं ते आकड्यात कळेल.

---

ग्रामविकास_टेबल

लोकसंख्येचा मुद्दा राहिला, आणि तुमच्या प्रकरणात तोच सगळ्यात मोलाचा आहे.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत एकक हे महसुली गाव नसतं, वस्ती असते. गावाला डांबरी रस्ता आहे म्हणून वाडी आपोआप "जोडलेली" ठरत नाही. बारमाही रस्त्यापासून ५०० मीटर किंवा जास्त लांब असलेली वस्ती न जोडलेली धरतात. लोकसंख्येची मर्यादा सर्वसाधारण भागात ५००, पण पाचव्या अनुसूचीच्या, म्हणजे तुमच्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात २५०. तुमची वाडी एकटी २०५, म्हणजे बाहेर. पण ५०० मीटरच्या परिघातल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. पाडा ४०० मीटरवर आहे, २०५ + ६८ = २७३. म्हणजे आत. फक्त पाड्याला दुसऱ्या बाजूने आधीच बारमाही रस्ता मिळालेला नसावा, कारण योजना एका वस्तीला एकच जोडणी देते.

योजनेच्या चौथ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. कालावधी २०२४-२५ ते २०२८-२९, उद्दिष्ट २५,००० वस्त्या आणि ६२,५०० किमी, एकूण ७०,१२५ कोटी रुपये. महाराष्ट्रात केंद्र-राज्य वाटा ६०:४०. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरतात, आजची नाही. इथे बरेच जण फसतात: जनगणनेत वाडीचा वेगळा आकडा छापलेला नसतो, फक्त महसुली गावाचा असतो. म्हणून वस्तीनिहाय आकडा कोणत्या कागदावरून घेतला आणि तो २०११ शी कसा जुळतो हे प्रस्तावात लिहावं लागतं. तुमचे २०५ आणि ६८ आजचे असतील तर आधी ते तपासा. जिल्ह्यातल्या ग्राम सडक योजनेच्या कार्यकारी अभियंता कार्यालयात जाऊन सर्वेक्षणाच्या यादीत वाडी आणि पाडा दोन्ही आहेत का, एकत्र धरलेत का, हे लेखी विचारा. राज्यात या योजनेचं काम महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्था बघते.

आणखी एक विचारते: पाड्यावर किंवा वाडीत कातकरी कुटुंबं किती? पीएम-जनमन (अतिमागास आदिवासी जमातींसाठीची केंद्राची योजना) मध्ये महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींच्या वस्त्यांसाठी मर्यादा १०० लोकसंख्येची आहे.

बाकी थोडक्यात. २५१५ हे लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांचं शीर्ष, तिथे कामं छोट्या रकमांची असतात. गावांतर्गत काँक्रीट रस्ता, गटार यासाठी ठीक. ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधार योजनाही वस्तीच्या आतल्या कामांना जास्त सोयीची. मातोश्री ग्रामसमृद्धी ही शेत-पाणंद रस्त्यांसाठी, वाडीच्या मुख्य रस्त्यासाठी तिच्या मागे लागू नका. पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याचा) ५ टक्के थेट निधी ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो, त्यातून पायाभूत सुविधा घेता येतात. त्या रकमेत २.४ किमी होणार नाही, पण एखादी मोरी नक्की होते.

---

कोषवाक्य

माझं मत थोडं वेगळं. ग्राम सडक योजनेची वाट बघत बसलं तर वर्षं जातील. तीन तुकडे करा: ८०० मीटर २५१५ मधून, पुढचं आदिवासी उपयोजनेतून, शेवटचं ३०५४ मधून. मिळेल तिथून घ्यावं.

---

साखळी_क्रमांक

@कोषवाक्य, हा सल्ला या रस्त्याला लागू करू नये असं मला ठामपणे वाटतं. मधले ६०० मीटर वनजमीन आहे. पहिला तुकडा होईल, तिसराही कदाचित होईल, आणि मधला तसाच राहील. वाडीचे लोक पावसाळ्यात तिथेच अडकतील. शिवाय एकदा का कागदावर "०/०० ते ०/८०० डांबरीकरण पूर्ण" आलं की पुढच्या प्रस्तावाला प्रत्येक वेळी द्विरुक्ती नसल्याचा (तेच काम आधी झालेलं नाही असा) दाखला लागतो, आणि तपासणारा अधिकारी सगळा रस्ताच झालेला समजतो. तुकडे पाडायचेच असतील तर थरांनी पाडा, लांबीने नको: आधी पूर्ण २.४ किमी मातीकाम आणि मोऱ्या, मग पूर्ण लांबी खडीकरण, मग डांबर. पहिल्या टप्प्यानंतरसुद्धा वाडीपर्यंत गाडी जाते.

३०५४ हे महसुली शीर्ष, मुख्यतः देखभाल-दुरुस्तीचं. ५०५४ भांडवली, म्हणजे बांधणी आणि सुधारणा. कच्ची वाट नव्याने बांधायची असताना ३०५४ मध्ये प्रस्ताव टाकला तर तो त्याच कारणाने परत येईल.

---

वनहक्क_कलम३

वनजमिनीवर लिहितो, कारण "वनखात्याची परवानगी मिळत नाही" म्हणून अर्ध्या वाड्यांचे रस्ते सोडून दिले जातात आणि ते टाळता येतं.

वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). शाळा, दवाखाना, अंगणवाडी, तळी, रस्ते अशा १३ सार्वजनिक सुविधांसाठी वनजमीन वळवता येते. अटी दोन: प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. शिफारस ग्रामसभेची. मंजुरीचा अधिकार विभागीय वनाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे उपवनसंरक्षक. वन संवर्धन कायद्याखाली केंद्राकडे जाणारी लांबलचक वाट इथे लागत नाही.

तुमचा हिशोब: ६०० मीटर × ६ मीटर = ३,६०० चौ.मी., म्हणजे ०.३६ हेक्टर. ७.५ मीटर रुंदी धरली तरी ०.४५ हेक्टर. १ हेक्टरच्या खूप आत. झाडं ०.३६ × ७५ = २७ पर्यंत. अर्ज करण्याआधी त्या ६०० मीटरमधली प्रत्येक झाडाची यादी करा: प्रजाती, छातीच्या उंचीवरचा घेर, रस्त्याच्या मध्यरेषेपासून अंतर. २७ च्या वर जात असतील तर रेषा दोन-तीन मीटर सरकवा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

अर्ज करणारी यंत्रणा ग्रामपंचायत नाही, रस्ता बांधणारा विभाग. विहित नमुन्यातला अर्ज तो भरतो आणि ग्रामसभेची शिफारस सोबत जोडतो. ही ग्रामसभा साधी चालत नाही, निम्मे सदस्य हजर हवेत, आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला ठेवा. हजेरीपुस्तकावर सह्या-अंगठे मोजून घ्या. शिफारशीचे ठराव फेटाळले जातात ते बहुतेक गणपूर्तीवर. पेसाच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे वाडी स्वतंत्र गाव म्हणून घोषित असेल तर वाडीचीच ग्रामसभा घेता येते आणि निम्मे लोक जमवणं सोपं जातं.

१/४०० च्या पुढचे वनपट्टे: वनहक्काची जमीन वारसाने जाते, पण कलम ४(४) प्रमाणे विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे पट्टेधारकाकडून बक्षीसपत्र करून घेऊ नका, ते टिकणारच नाही. शक्य असेल तिथे रस्ता दोन पट्ट्यांच्या बांधावरून न्या.

---

वाडीवस्ती

खूप उपयोगी. नमुना २३ मध्ये नोंद नाहीच, आज पाहून आले. खासगी जमिनीच्या शेतकऱ्यांची तोंडी तयारी आहे. त्यांना मोबदला मिळू शकतो का? आणि अभियंता साहेब पाहणीला येणार आहेत, तेव्हा आम्ही कशाचा आग्रह धरायचा? लोक म्हणतात आधी डांबर, बाकी नंतर बघू.

---

ग्रामविकास_टेबल

ग्राम सडक योजनेच्या निधीतून भूसंपादनाला पैसे मिळत नाहीत. जमीन उपलब्ध करून देणं ही राज्याची जबाबदारी, आणि प्रत्यक्षात ती संमतीवरच येते. म्हणून आराखडा पक्का होण्याआधी गावकऱ्यांसोबत पूर्ण लांबीची शिवारफेरी घेतात आणि तिचं इतिवृत्त ग्रामसभेपुढे ठेवतात. तुम्ही त्या फेरीत प्रत्येक गटाच्या धारकाला हजर ठेवा. सातबारावर चार नावं असतील तर चारही सह्या. एकट्या थोरल्या भावाच्या संमतीवर काम सुरू होतं आणि जेसीबी लागला की धाकटा मनाई हुकूम आणतो. कोणाची विहीर, घर किंवा एकुलता एक वाफा जात असेल तर त्याच्यावर गावाचं दडपण आणू नका, रेषा बदला. तोंडी तयारी आजची आहे, कागद आजच करा.

---

खडी_मुरूम

आधी डांबर हा आग्रह सोडा. जास्त पावसाच्या भागात रस्ता पाण्याने जातो, आणि पाणी काढायचं काम डांबराच्या खालचं आहे.

मोऱ्या. दोन ओहोळांना पाइप मोरी चालेल. ६०० मिमी व्यासाचा पाइप घेऊ देऊ नका, पहिल्याच पावसात पालापाचोळा आणि फांद्यांनी तो तुंबतो आणि आत माणूस जाऊन साफही करता येत नाही. ९०० किंवा १००० मिमी, एनपी-३ दर्जाचे आरसीसी पाइप. एक पाइप २.५ मीटरचा असतो. ६ मीटर रस्त्याला दोन पाइप म्हणजे ५ मीटर, कमी पडतात. तीन लागतात. दोनावर भागवलं तर मोरीपाशी रस्ता अरुंद होतो आणि गाडी तिथेच कडेला घसरते. पाइपच्या डोक्यावर किमान ६०० मिमी भराव हवा. दोन्ही तोंडांना भिंत, आणि उताराच्या बाजूला दगडी किंवा काँक्रीटची फरशी. ती फरशी अंदाजपत्रकात बघा. ती नसेल तर पाणी खाली पडून खड्डा करतं, भिंतीचा पाया उघडा पडतो आणि मोरी मागे ओढली जाते.

गटार. डोंगराच्या बाजूने सलग उघडं गटार, प्रत्येक मोरीत उतरणारं. अंदाजपत्रकात "आवश्यक तेथे गटार" असं लिहिलं असेल तर साखळी क्रमांक लिहून घ्या.

चढ. डोंगराळ भागात नेहमीचा चढ ५ टक्क्यांपर्यंत, अडचणीच्या जागी ६, अगदी नाइलाज असेल तिथे थोड्या लांबीला ७. तीव्र चढावर पातळ डांबर टिकत नाही, तेवढ्या लांबीला काँक्रीट मागा.

थर. मातीची सीबीआर चाचणी (माती किती भार पेलते ते सांगणारी) जागेवरच्या नमुन्यावर व्हायला हवी, दर बदलत्या मातीला वेगळी. शेताचा भाग काळा असेल तर तिथे सीबीआर २-३ सुद्धा येतो, वनभागात मुरूम लागला तर १० च्या वर. एकच जाडी दोन्हीकडे लावली तर शेतातला भाग खचतो. वर खडीचे दोन थर, ग्रेड २ आणि ग्रेड ३ (खडीच्या आकाराचे प्रकार), प्रत्येकी दाबून ७५ मिमी. त्यावर २० मिमी कार्पेट (बारीक खडी आणि डांबराचा थर) आणि सीलकोट (पाणी मुरू न देणारा वरचा लेप).

गावाने मोजता येईल असे आकडे देतो. दिवसाला १०० पेक्षा कमी मोटार वाहनं असतील तर डांबरी पट्टा ३ मीटर रुंद. २,४०० × ३ = ७,२०० चौ.मी. ग्रेड २ च्या ७५ मिमी थराला दर १० चौ.मी.ला ०.९१ ते १.०७ घनमीटर सैल खडी लागते, म्हणजे एकूण ६५५ ते ७७० घनमीटर. रस्त्याकडेला रचलेले खडीचे ढीग मोजायला गावाला कोणाची परवानगी लागत नाही: लांबी × रुंदी × उंची, वहीत तारखेसह लिहा. २० मिमी कार्पेटला दर १० चौ.मी.ला १४.६ किलो डांबर, म्हणजे सुमारे १०.५ टन. ब प्रकारच्या सीलकोटला ६.८ किलो, म्हणजे आणखी ४.९ टन. प्राइम आणि टॅक कोट (कार्पेटच्या आधी मारायचे डांबराचे पातळ लेप) वेगळे. डांबराची चलनं या बेरजेशी जुळली पाहिजेत.

खडीवर पसरायचा बारीक मुरूम हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्याचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स (चिकटपणा दाखवणारा आकडा) ६ च्या खाली हवा. जवळ आहे म्हणून लाल चिकट माती पसरतात, रोलर फिरल्यावर रस्ता गुळगुळीत दिसतो, आणि पावसात तीच माती खडी सैल करून वर येते. चिमूटभर ओली करून तळहातावर वळून पाहा. बारीक दोरा वळला जातोय तर ती माती परत पाठवा.

आणि फुगवटा, म्हणजे मध्य उंच आणि कडा खाली. जास्त पावसात पातळ डांबरी रस्त्याला ३.५ टक्के. ३ मीटर रुंदीला मध्य ते कड दीड मीटर, त्याला ५ सेंटिमीटर उतार. मध्यावर दोरी धरायची, स्पिरिट लेव्हलने आडवी करायची, कडेला दोरी आणि रस्ता यात ५ सेंटिमीटर फट दिसली पाहिजे. साइडपट्टी डांबरापेक्षा उंच राहिली तर हा सगळा उतार वाया, पाणी कडेलाच साचून डांबर उखडतं.

---

कोषवाक्य

तुकड्यांबद्दलचं पटलं, थरांचा मार्ग जास्त चांगला. पैशाच्या वेळापत्रकाचं मात्र लक्षात ठेवा. जिल्हा नियोजनाचा निधी जिल्हा परिषदेला त्या वर्षी आणि पुढच्या एका वर्षात खर्च करता येतो, त्यानंतर परत जातो. नवीन कामं ठरवताना आधी जुन्या कामांचं दायित्व (द्यायचे राहिलेले पैसे) वजा होतं, उरलेल्या तरतुदीच्या दीडपट नियोजन करतात. म्हणून बांधकाम विभागाला "निधी आहे का" असं विचारू नका, "या शीर्षात दायित्व वजा जाता नियोजनाला किती शिल्लक आहे" असं विचारा. उत्तर शून्य आलं तर त्या वर्षी त्या शीर्षामागे पळण्यात अर्थ नाही. आणि वनमंजुरीचा कागद हातात येण्याआधी प्रशासकीय मान्यता घेऊ नका, निधीची मुदत वनमंजुरीसाठी थांबत नाही.

---

वाडीवस्ती

१/९०० चा नाला राहिला. पावसाळ्यात पाणी तीन-चार तास कंबरेएवढं असतं, मग उतरतं. पाइप मोरी की फरशी पूल (पूर वरून जाऊ देणारा ठेंगणा पूल)?

---

खडी_मुरूम

कंबरेएवढं पाणी पाइपांच्या रांगेतून जात नाही, झाडाचं एक खोड आडवं आलं की पाणी भराव फोडतं. तिथे स्लॅबची मोरी किंवा छोटा पूल हवा. तीन-चार तासांचा खोळंबा चालणार असेल तर फरशी पूल स्वस्त पडतो, पण रुग्णाचा रस्ता एकच असल्यामुळे मी उंच स्लॅबच मागेन. अभियंत्याला देण्यासाठी तीन गोष्टी तयार ठेवा: सगळ्यात मोठ्या पुराची खूण (झाडावर किंवा खडकावर रंगाने, गावातल्या दोन-तीन जुन्या माणसांना वेगवेगळं विचारून), नाल्याची काठापासून काठापर्यंत रुंदी, आणि वर-खाली १०० मीटरपर्यंत खडक कुठे उघडा आहे ते. खडक ३०-४० मीटर वरच्या बाजूला लागत असेल तर रस्ता तिथून वळवा. पायाचा खर्च वाचतो, आणि दोन टोकांचा जादा रस्ता त्यापेक्षा स्वस्तात होतो.